थंडींतली पहाट आणि मोटारीचें हँडल

बार्शी लाइट रेल्वेचा अडीच फुटी रूळ १९११ सालीं लातूरला पोहोचला. लातूर तेव्हां निजामाच्या राज्यांतील उस्मानाबाद जिल्ह्यांत मोडत असे. तो वेगळा जिल्हा झाला १९८२ सालीं, आणि उस्मानाबादला धाराशिव हें जुनें नांव सरकारदरबारीं परत मिळालें २०२३ सालीं. ही छोटी गाडी येडशीवरून गेली, परंतु खुद्द धाराशिव शहर रुळापासून दूरच राहिलें. तुळजापूर, नळदुर्ग, परांडा यांचीहि गत तीच. त्यामुळें या भागाचा जगाशीं संबंध पुष्कळ वर्षें सडकेवर, म्हणजे आधीं बैलगाडीवर आणि मग मोटारीवर, अवलंबून होता. बैल थंडींत कुरकुरतो, पण उठतो. मोटारीचें तसें नाहीं.

बालाघाटच्या पठारावर, समुद्रसपाटीपासून साडेसहाशे मीटरच्या आसपास वसलेल्या या गांवीं, पौषांतल्या पहाटे युरोपांतल्यासारखा बर्फ पडत नाहीं. तरी इंजिन रुसायला तेवढा गारठा पुरे होतो. पेट्रोल स्वतः जळत नाहीं, जळते ती त्याची वाफ. आणि थंडींत ती पुरेशी होत नाहीं. जी थोडी होते, तीहि सिलिंडरच्या गार भिंतींवर पुन्हां थेंब होऊन बसते. वंगणाचें तेल घट्ट झाल्यामुळें दट्ट्या जड चालतो. बॅटरींतील रासायनिक क्रियाहि मंदावते; म्हणजे ज्या वेळीं जोर अधिक हवा, नेमका त्याच वेळीं तो कमी मिळतो.

आरंभींच्या मोटारींत हा जोर माणसाच्या दंडांतून यावयाचा. समोरच्या भोंकांत लोखंडी हँडल घालून इंजिन हातानें फिरवावें लागे. चक्राजवळच्या एका दांडीनें ठिणगीची वेळ मागेंपुढें करतां येई. सुरू करण्यापूर्वीं ती मागें घ्यावयाची, हा पहिला नियम. तो विसरला, तर दट्ट्या वर पोहोचण्याआधींच मिश्रण पेट घेई, इंजिन उलट उसळे आणि हँडल मनगटावर आदळे. म्हणून जाणते लोक आंगठा बोटांच्याच बाजूला ठेवीत आणि हँडल खालीं दाबण्याऐवजीं वर ओढीत. उलट फटका बसलाच, तर हात आपोआप सुटावा हा हेतु. मनगट मोडणें ही त्या काळच्या मोटारवाल्यांची नेहमींची दुखापत होती, आणि थंडींत दहा वेळां हँडल मारावें लागल्यानें तिचा संभवहि दहापट.

या त्रासावर उपाय निघाला तोहि १९११ सालींच, अमेरिकेंतील डेटन गांवीं. चार्ल्स केटरिंग हा गृहस्थ पूर्वीं दुकानांतल्या गल्ल्याच्या यंत्रांना विजेची मोटर बसवीत असे. गल्ला उघडण्यापुरतें क्षणभर काम करावयाचें असेल, तर लहानशी मोटरहि तिच्या शक्तीबाहेरचा भार उचलते, हें त्यानें तेथें पाहिलें होतें. विजेनें इंजिन फिरवावयाचें तर मोटारीएवढीच मोटर लागेल, असें इतर तज्ज्ञ म्हणत. इंजिन दिवसभर नव्हे, चार क्षणच फिरवावयाचें आहे, एवढेंच केटरिंगनें ओळखलें. १९१२ च्या कॅडिलॅक गाडींत हें यंत्र बसलें. फोर्डच्या स्वस्त मॉडेल टी गाडीला मात्र तें मिळावयास १९१९ साल उजाडावें लागलें. आपल्याकडे या यंत्राला नुसतें ‘सेल्फ’ म्हणतात.

निजामाच्या रेल्वेनें १९३२ सालीं २७ बसगाड्या घेऊन आपलें मोटारखातें सुरू केलें. सोलापुरांत जन्मलेल्या वालचंद हिराचंद यांनीं १९४४ सालीं प्रीमियर ऑटोमोबाइल्स स्थापिली, आणि १९४७ पासून कुर्ल्याच्या कारखान्यांतून मोटारी बाहेर पडूं लागल्या. पुढें याच कंपनीच्या पद्मिनी गाडीवर कित्येक ड्रायव्हर तयार झाले. तिचा चोक ओढला म्हणजे हवा कमी होऊन पेट्रोलचें प्रमाण वाढे. इंजिन तापतांच तो परत दाबावा लागे. दाबावयाचें राहिलें कीं काळा धूर आणि भिजलेले प्लग ठरलेलेच! रात्रीं गाडी उतारावर उभी करून ठेवणारे, रेडिएटरांत ऊन पाणी ओतणारे, प्लग काढून चुलीशीं शेकणारे असे कसबी लोक गांवोगांव होते. इंजिनाखालीं काकडा पेटविणारेहि होते. त्यांचें धाडस वाखाणण्याजोगें असलें, तरी अनुकरणीय खास नव्हतें.

सेल्फ आल्यानें परीक्षेची जुनी रीत मात्र बदलली नाहीं. इंजिन कण्हत, रेंगाळत फिरलें आणि दिवे मंदावले, तर दोष विजेचा. बहुधा बॅटरीच्या टोकांवर पांढरा-हिरवा खार चढलेला असतो. तारा सोडवून तीं टोकें ऊन पाण्यानें धुऊन घासलीं, तरी पुष्कळदां काम होतें. इंजिन झपाट्यानें फिरतें पण पेटत नाहीं, तर प्लग काढून पाहावा. तो कोरडा असेल तर पेट्रोल पोहोचत नाहीं. ओला असेल तर पेट्रोल जास्त झालें किंवा ठिणगी पडत नाहीं. सुरू होऊन तें थरथरत राहिलें, तर एखादा सिलिंडर गार आहे, किंवा कोठल्या तरी फाटक्या नळींतून फाजील हवा आंत शिरते आहे. प्रश्न तीनच: फिरतें का, वाफ आहे का, ठिणगी आहे का.

२००० नंतर प्रदूषणाचे नियम कडक झाले, तसा चोक नाहींसा झाला आणि पेट्रोलचें माप एक लहानसा संगणक ठरवूं लागला. इंजिन गार कीं गरम, हें त्याला सांगतें इंजिनाच्या पाण्यांत बसविलेलें बोटाएवढें उष्णतामापक. तें बिघडून ‘इंजिन गरम आहे’ असा खोटा निरोप देऊं लागलें, कीं पेट्रोल कमी पडतें, आणि अगदीं नवी गाडीहि पहाटे पद्मिनीसारखी खोकूं लागते. मग धाराशिवच्या गॅरेजांतला तरुण मिस्त्री आधीं संगणकाला दुसरें यंत्र जोडून दोषाचा आंकडा वाचतो. आंकडा सांपडला नाहीं, तर पान्हा घेऊन पहिला प्लग काढतो.