पंधरा घरं

नाणेघाट चढायचा म्हणजे आधी वैशाखरे. तिथून समोर दिसतो तो नानाचा अंगठा. वर गेलं की सातवाहनांचा शिलालेख, जकातीचा रांजण, फोटो वगैरे सगळं होतं. पण ही वाट खाली कुठे जायची? कल्याण-सोपाऱ्याच्या बंदरांकडे. आणि बंदर म्हटलं की मालाबरोबर माणसं येतात, माणसांबरोबर त्यांचा देवही येतो.

ठाणे-वसईकडचे ख्रिस्ती म्हटले की आपल्याला पोर्तुगीज आठवतात. पण सहाव्या शतकातला कॉस्मस नावाचा ग्रीक लेखक लिहून गेलाय की 'कल्लियाना'त ख्रिस्ती आहेत आणि त्यांचा बिशप इराणातून नेमला जातो. बहुतेक अभ्यासक हे गाव म्हणजे आपलं कल्याणच मानतात!

मला मात्र जास्त ओढ लावते ती १३२१ सालची गोष्ट. वास्को द गामा यायला अजून १७७ वर्षं होती. जॉर्डानस नावाचा फ्रेंच डोमिनिकन पाद्री आणि चार फ्रान्सिस्कन - तोलेंतिनोचा थॉमस, पादुआचा जेम्स, सिएनाचा पीटर आणि तिफ्लिसचा दिमित्री - निघाले होते केरळातल्या कोल्लमला, पोचले ठाण्याला. ठाण्यात तेव्हा नेस्तोरियन ख्रिस्त्यांची पंधरा घरं होती. त्यातल्याच एका घरी ते उतरले. रोमच्या लेखी नेस्तोरियन म्हणजे पाखंडी. पण दारात आलेल्यांना त्या घराने जागा दिली.

जॉर्डानसला फारसी येत होती, म्हणून तो पुढे भडोचकडे गेला. मागे ठाण्यात काय झालं ते ओदोरिक नावाच्या प्रवाशाने लिहून ठेवलंय. यजमान नवरा-बायकोत भांडण झालं, नवऱ्याने मारलं, बायको काझीकडे गेली. साक्षीदार कोण, तर घरातले चार पाहुणे. त्यांना बोलावणं गेलं. तिघे गेले, पीटर सामान सांभाळायला घरीच थांबला. मारहाणीचा विषय बाजूला पडला आणि धर्मावर वाद सुरू झाला. एप्रिल १३२१ मध्ये आधी ते तिघे आणि मग पीटरही मारला गेला. ओदोरिकच्या म्हणण्याप्रमाणे पुढे दिल्लीच्या सुलतानाने या हत्येबद्दल ठाण्याच्या मलिकालाच मृत्युदंड दिला.

जॉर्डानस परतला. एका जिनोआच्या तरुणाच्या मदतीने त्याने मृतदेह सोपाऱ्याला नेऊन पुरले. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये त्याने सोबत्यांना पत्र लिहिलं. भडोचमध्ये नव्वदेक जणांना बाप्तिस्मा दिल्याचा हिशेब त्यात आहे, आणि आणखी पाद्री पाठवा अशी विनवणीही. हिशेबापेक्षा मला ती विनवणीच जास्त ऐकू येते. परमुलूख, सोबती मातीखाली, आणि हा एकटा! पुढे १३२९ मध्ये त्याला कोल्लमचा बिशप नेमलं.

नंतर आलेल्या ओदोरिकने ती हाडं उकरली आणि जहाजातून थेट चीनला, झैतून बंदरातल्या आपल्या मठात नेली. त्यांच्यातल्या थॉमसचं नाव आजही रोमच्या चर्चच्या हुतात्म्यांत घेतलं जातं.

मला राहून राहून आठवते ती काझीकडे गेलेली बाई. मार तिने खाल्ला होता, तक्रार तिची होती. एवढ्या तपशिलाने लिहिणाऱ्या ओदोरिकने तिचं नाव तेवढं लिहिलेलं नाही. आणि ज्यांनी आसरा दिला, त्या पंधरा घरांची ओळख तो करून देतो ती 'पाखंडी' म्हणूनच.