हात न पोहोचणाऱ्या यंत्राची दुरुस्ती : होसकोटे ते हानले

बंगळूरच्या ईशान्येस सुमारे ३५ किलोमीटरवर होसकोटे आहे. कन्नडमध्ये या नावाचा अर्थ ‘नवा कोट’. मराठी वाचकांनी हे नाव वाचलेले असते ते शहाजीराजांच्या संदर्भात. १६३८ मध्ये बंगळूर आदिलशाहीकडे गेल्यानंतर राजांना मिळालेल्या जहागिरीत बंगळूर, कोलार, दोड्डबळ्ळापूर आणि शिरे यांच्याबरोबर होसकोटेही होते. गावाची दुसरी ओळख अगदी अलीकडची आहे. भारतीय खगोलभौतिकी संस्थेचे ‘क्रेस्ट’ केंद्र येथे आहे. ‘आदित्य-एल१’ यानावरील सौर प्रभामंडळ टिपणारे उपकरण याच आवारात जुळवले गेले, ही बातमी २०२३ मध्ये देशभर पोहोचली. त्याच आवारात एक नियंत्रणकक्ष आहे आणि २००१ पासून तेथून सरळ रेषेत सुमारे २२०० किलोमीटर दूर असलेली दुर्बीण चालवली जाते. या कक्षाची बातमी फारशी होत नाही.

ती दुर्बीण लडाखमधील हानले येथे आहे. तिचे नाव हिमालयीन चंद्र दुर्बीण. हे नाव सुब्रह्मण्यन चंद्रशेखर यांच्या स्मरणार्थ दिलेले आहे. आरशाचा व्यास दोन मीटर, जागेची उंची सुमारे ४५०० मीटर. तमिळनाडूतील कावलूरला १९८६ मध्ये सव्वादोन मीटरहून मोठ्या आरशाची दुर्बीण उभी राहिली होती. पण दक्षिणेला दोन पावसाळे भोगावे लागतात आणि त्यात निरीक्षणाच्या रात्री वाहून जातात. त्यामुळे १९९०च्या दशकात शोध सुरू झाला तो हिमालयापलीकडच्या कोरड्या, थंड वाळवंटाचा. हानलेला वर्षभरात १० सेंटिमीटरही पाऊस पडत नाही. रामनाथ कौशिक संस्थेचे संचालक असताना हे काम तडीस गेले. २६-२७ सप्टेंबर २००० च्या मध्यरात्री दुर्बिणीने पहिला प्रकाश टिपला, जून २००१ मध्ये होसकोटे-हानले उपग्रह दुवा सुरू झाला आणि २९ ऑगस्ट २००१ रोजी दुर्बीण राष्ट्राला अर्पण झाली.

उत्तम आकाश मिळाले, पण ते मिळाले जेथे माणसाला धड श्वास घेता येत नाही तेथे. हवेचा दाब समुद्रसपाटीच्या जेमतेम ५७ टक्के, हिवाळ्यात पारा उणे वीस-पंचवीसपर्यंत, वीज सौरफलकांची आणि जनरेटरची. मैदानातून निघालेल्या निरीक्षकाला आधी लेहमध्ये काही दिवस शरीर रुळवावे लागते, मग दिवसभराचा रस्ता. दोन रात्रींच्या निरीक्षणासाठी दहा दिवसांचा प्रवास कोणत्याही संशोधकाला परवडणारा नव्हता. म्हणून ठरले की खगोलशास्त्रज्ञ होसकोट्यात बसेल आणि त्याचा शब्द उपग्रहामार्गे हानलेच्या संगणकांपर्यंत जाईल. हा निर्णय खगोलशास्त्राच्या सोयीचा होता. पण त्याने दुरुस्तीचे शास्त्रच बदलले. बिघाड झाला की यंत्राजवळ जाऊन कान लावायचा, हात ठेवून तापमान पाहायचे, केबल काढून पुन्हा खोचायची ही कारागिराची पहिली तीन साधने येथे नाहीशी झाली.

उरली ती युनिक्स आणि लिनक्स जगातील साधने. त्यांचा इतिहास या दुर्बिणीहून जुना आहे. डिसेंबर १९८३ मध्ये अमेरिकी लष्कराच्या बॅलिस्टिक संशोधन प्रयोगशाळेत माइक म्यूस यांनी जाळ्यातील एक त्रासदायक दोष शोधण्यासाठी एका संध्याकाळी ‘पिंग’ हा छोटासा प्रोग्रॅम लिहिला. पाणबुडीतील सोनार जसा आवाज सोडून प्रतिध्वनीची वाट पाहतो, तसा हा एक लहान संदेश सोडतो आणि उत्तर यायला किती वेळ लागला ते सांगतो. (म्यूस यांचे २० नोव्हेंबर २००० रोजी अपघाती निधन झाले, हानलेचा पहिला प्रकाश तेव्हा दोन महिन्यांचाही नव्हता.) पुढे व्हॅन जेकबसन यांनी ‘ट्रेसराउट’ लिहिला. संदेश वाटेत कोणकोणत्या थांब्यांवरून जातो ते तो दाखवतो.

भूस्थिर उपग्रह विषुववृत्तावर ३५,७८६ किलोमीटर उंचीवर असतो. होसकोट्याचा संदेश वर जातो, खाली हानलेला उतरतो, उत्तर त्याच वाटेने परत येते. म्हणजे सुमारे दीड लाख किलोमीटरचा फेरा. प्रकाशाच्या वेगानेही त्याला जवळपास अर्धा सेकंद लागतो. कार्यालयातील जाळ्यात पिंगला अर्धा सेकंद लागला तर तंत्रज्ञ धावत सुटेल. येथे तोच आकडा प्रकृती उत्तम असल्याची खूण. दोष ओळखण्याआधी निरोगी अवस्था आकड्यांत माहीत असावी लागते, आणि ती प्रत्येक जागेची वेगळी असते.

या अर्ध्या सेकंदाने एक फसवा बिघाडही निर्माण केला आणि उपग्रह दुव्यांवर काम करणाऱ्या जगभरच्या अभियंत्यांना त्याने छळले आहे. दुवा जोडलेला, यंत्रे धडधाकट, तरी फाइल रांगत येते. कारण टीसीपी या नियमावलीच्या मूळ रचनेत दडलेले आहे. पाठवणारा पोच न घेता जास्तीत जास्त ६५,५३५ बाइट पाठवू शकतो, मग थांबून उत्तराची वाट पाहतो. अर्ध्या सेकंदाला ६५,५३५ बाइट म्हणजे सेकंदाला सुमारे दहा लाख बिट. दुव्याची क्षमता कितीही असो, एका जोडणीला याहून अधिक वेग मिळत नाही. हानलेच्या मुख्य कॅमेऱ्याचे २०४८ गुणिले २०४८ बिंदूंचे एक चित्र सुमारे आठ मेगाबाइटचे. या वेगाने त्याला एक मिनिटाहून अधिक लागणार. १९९२ मध्ये ही खिडकी मोठी करण्याची सुधारणा प्रमाणित झाली, पण २००१ च्या सुमारास अनेक संगणकांवर तिचा लाभ घ्यायचा तर यंत्रणेतील बफर स्वतः वाढवावे लागत.

दुसरा पेच याहून सूक्ष्म. ऑक्टोबर १९८६ मध्ये बर्कलेच्या दोन संस्थांमधील जेमतेम चारशे यार्डांच्या अंतरावर जाळे इतके तुंबले, की सेकंदाला ३२ हजार बिटचा वेग ४० बिटवर घसरला. जेकबसन यांनी त्यावर उपाय काढला : संदेश हरवला तर वाट तुंबली आहे असे समजून पाठवणाऱ्याने वेग कमी करावा. जमिनीवरील तारांसाठी हे अचूक निदान होते. उपग्रहाच्या दुव्यात मात्र संदेश गोंगाटानेही हरवतो. तेथे वाट मोकळी असूनही टीसीपी शहाण्यासारखा माघार घेतो आणि दुवा आणखी मंदावतो. एका जागेचा उपाय दुसऱ्या जागेचा विकार ठरला, आणि ते ओळखायला संदेशांचे एकेक पान उलगडून पाहण्याखेरीज मार्ग नव्हता.

सर्वांत अवघड प्रश्न मात्र मंद दुव्याचा नाही, पूर्ण शांततेचा आहे. पिंगला उत्तरच येत नाही, तेव्हा काय मेले? होसकोट्याचा राउटर, डिशजवळचा मॉडेम, हानलेचा मॉडेम, तेथील जाळे, की स्वतः संगणक? अशा वेळी जाणकार शेवटच्या टोकाकडे धावत नाही; जवळून सुरुवात करतो. आधी स्वतःचा राउटर, मग मॉडेमने उपग्रहाचा संकेत पकडला आहे का ते, मग पलीकडचा पहिला थांबा. जो थांबा उत्तर देतो आणि जो देत नाही, त्यांच्या मधोमध दोष. बिघाडाची वेळही साक्ष देते. वसंत आणि शरद संपाताच्या सुमारास काही दिवस सूर्य नेमका उपग्रहामागे येतो आणि त्याच्या रेडिओ गोंगाटात संकेत काही मिनिटे बुडतो. हे दिवसाच घडते, त्यामुळे निरीक्षण वाचते. पण आदल्या रात्रीची चित्रे उतरवण्याचे काम ठरावीक वेळी तुटते. रोज जवळपास त्याच वेळी तुटणारा दुवा पाहून केबल बदलणारा माणूस आकाशाचे पंचांग विसरलेला असतो.

संगणक मेला असे वाटते, तेव्हाही तो बहुधा मेलेला नसतो. त्या काळच्या लिनक्समध्ये वीज अचानक गेली की डिस्कवरील फाइलव्यवस्था अर्धवट लिहिलेल्या अवस्थेत राही. पुन्हा सुरू होताना संगणक ती तपासू लागे, मोठा दोष आढळला तर मधेच थांबे आणि पडद्यावर व्यवस्थापकाचा परवलीचा शब्द मागे. जाळे अजून सुरू झालेले नाही, म्हणून पिंगला उत्तर नाही. संगणक नम्रपणे कळफलकाची वाट पाहतो आहे आणि कळफलक दाबणारा २२०० किलोमीटर दूर आहे! प्रत्येक बदलाची आधी नोंद ठेवणारी ‘एक्स्ट-३’ ही फाइलव्यवस्था लिनक्सच्या मुख्य प्रवाहात आली ती २००१ च्या अखेरीस. तोपर्यंत आणि त्यानंतरही विजेची अखंडता हाच दूरस्थ संगणकाचा खरा वैद्य होता.

विरळ हवा डिस्कलाही मानवत नाही. जुन्या पद्धतीच्या हार्डडिस्कमध्ये वाचणारे टोक फिरत्या तबकडीला स्पर्श न करता हवेच्या अतिशय पातळ थरावर तरंगते. हवा विरळ झाली की तो थर खचतो. बहुतेक उत्पादक सुमारे ३००० मीटरपर्यंतच हमी देतात, आणि हानले त्याहून दीड हजार मीटर वर आहे. पंखेही तेच फेरे घेऊन कमी उष्णता वाहून नेतात. बाहेर उणे वीस असताना आत प्रोसेसर तापतो, हे मैदानातल्या माणसाला पटायला वेळ लागतो. कोरड्या हवेत साचणारी स्थिर वीज हा आणखी एक शत्रू, सुट्या भागाला हात लावणाऱ्याच्या बोटांतूनच येणारा. अशा जागी फिरत्या भागांविना चालणारी साठवण हा केवळ वेगाचा प्रश्न राहत नाही.

दोष कधी भलत्याच वेषात येतो. तारा ठरलेल्या जागी दिसला नाही तर संशय दुर्बिणीच्या मोटारींवर जातो. पण पृथ्वी एका सेकंदात आकाश १५ विकलांनी सरकवते आणि वर्णपटमापकाची फट एक-दोन विकलांची असते. संगणकाचे घड्याळ एका सेकंदाने चुकले, तर सर्व मोटारी निर्दोष असूनही तारा फटीबाहेर जाईल. अनुभवी माणूस आधी वेळ विचारतो, मग यंत्र उघडायला सांगतो.

दुरून काम करणाऱ्याला सर्वाधिक भीती स्वतःचीच. जाळ्याच्या मांडणीत एक अक्षर चुकले की ज्या फांदीवर बसला आहे तीच तुटते. आज्ञा स्वीकारली जाते आणि त्या क्षणी दुवा जातो. म्हणून युनिक्सच्या जुन्या माणसांची एक रीत आहे. बदल करण्याआधी संगणकाला सांगून ठेवायचे, की दहा मिनिटांनी जुनी मांडणी परत आण. बदल नीट लागला तर ती आज्ञा रद्द करायची. दुवा तुटला तर दहा मिनिटे शांत बसायचे. दुवा तुटला की त्यावर सुरू असलेले काम संपवणारा जो संकेत युनिक्समध्ये आहे, त्याचे नाव ‘हँगअप’, म्हणजे दूरध्वनीचा रिसीव्हर खाली ठेवणे. तो संकेत न जुमानता काम चालू ठेवण्याची आज्ञाही १९७०च्या दशकापासून आहे. उपग्रहाचा दुवा क्षणभर गेला म्हणून तासाभराचे काम वाया जाऊ नये, यासाठी ही जुनी युक्ती नव्याने उपयोगी पडते.

हे सर्व कशासाठी? मे २००३ मध्ये दुर्बीण देशभरातील संशोधकांना खुली झाली, त्याच सुमारास ‘२००३ डीयू’ हा अतिदीप्त नवतारा, म्हणजे स्फोट पावलेला तारा, तेजाच्या शिखरावर होता. जी. सी. अनुपमा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हिमालयीन चंद्र दुर्बिणीने त्याचा पाठपुरावा केला आणि २००५ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केले. असा तारा शिखरावर काही दिवसच असतो. त्या दिवसांतील रात्र गेली की ती पुढच्या वर्षी पुन्हा येत नाही. दुर्बिणीची वेळ दर चार महिन्यांनी वाटली जाते आणि एखाद्या विद्यार्थ्याच्या वाट्याला दोनच रात्री येतात. त्यातील तीन तास मॉडेमच्या शोधात गेले, तर प्रबंधातला आलेख तेवढ्या जागी रिकामा राहतो.

आणि शेवटी हात लागतातच. कॅमेऱ्याचा संवेदक थंड ठेवणारा द्रवरूप नायट्रोजन माणसाला भरावा लागतो. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेने २०१३ मध्ये या दुर्बिणीवर बसवलेल्या अवरक्त उपकरणालाही तो लागतो. निदान होसकोट्यात झाले, तरी अडकलेली यंत्रणा बंद करून सुरू करायला हानलेत मुक्काम करणारे अभियंते आणि स्थानिक लडाखी कर्मचारीच असतात. शोधनिबंधांच्या शेवटी त्यांचे आभार एका ओळीत मानले जातात. ती ओळ थोडी मोठी असायला हरकत नाही.

२०१८ मध्ये त्याच परिसरात आयआयटी मुंबई आणि भारतीय खगोलभौतिकी संस्था यांची ०.७ मीटरची ‘ग्रोथ-इंडिया’ दुर्बीण आली. ती स्वयंचलित आहे. कोणता तारा कधी पाहायचा हे प्रोग्रॅम ठरवतो, हवामान बिघडले तर घुमट प्रोग्रॅमच मिटतो. होसकोट्यातील निरीक्षक दुवा गेल्याचे निदान लगेच ओळखतो, कारण तो पडद्यासमोर जागा असतो. स्वयंचलित दुर्बिणीला आपण आजारी आहोत हे स्वतःच ओळखावे लागते आणि घुमट उघडा असताना बाहेरच्या जगाशी बोलणे तुटले, तर कोणाला न विचारता तो मिटावा लागतो.