कुत्रा व मांजर : पाळीवपणाचा तौलनिक इतिहास

माणसाच्या घरात मोकळेपणाने वावरणारे दोन प्रमुख पाळीव सस्तन प्राणी. गाय, शेळी, मेंढी, घोडा इ. पाळीव प्राण्यांची जागा गोठ्यात वा तबेल्यात असते. कुत्रा व मांजर यांना मात्र उंबरठ्याच्या आत वा निदान उंबरठ्यापर्यंत प्रवेश मिळाला. दोन्ही प्राणी मांसाहारी गणातील असले, तरी त्यांची कुले भिन्न आहेत. माणसाच्या जवळ येण्याचा त्यांचा काळ, कारण व मार्गही भिन्न आहेत. कुत्रा इमानी व मांजर आपमतलबी, हा सर्वत्र आढळणारा लोकसमज या दोन प्राण्यांच्या स्वभावाचा निवाडा म्हणून सांगितला जातो. वस्तुतः तो त्यांच्या इतिहासातील फरकाचा परिणाम आहे.

माणसाळण्याची सुरुवात : कुत्रा हा माणसाने माणसाळविलेला पहिला प्राणी होय. तो लांडग्यांच्या आज नामशेष झालेल्या एखाद्या समूहापासून उत्पन्न झाला असावा, असे आनुवंशिकीय अभ्यासावरून दिसते. ही घटना किमान १५,००० वर्षांपूर्वीची, म्हणजे शेतीच्या कितीतरी आधीची आहे. त्या काळी माणूस शिकार व अन्नसंकलन यांवर जगत होता. जर्मनीत बॉनजवळील ओबरकासेल येथे १९१४ साली एका पुरुषाच्या व एका स्त्रीच्या सांगाड्यांबरोबर कुत्र्याचे अवशेष सापडले. ते सु. १४,००० वर्षांपूर्वीचे आहेत. दातांच्या परीक्षणावरून, हे पिल्लू डिस्टेंपर या रोगाने आजारी पडले होते आणि माणसाच्या शुश्रूषेमुळेच काही आठवडे जगले असावे, असा निष्कर्ष २०१८ मध्ये मांडण्यात आला. आजारी पिल्लाचा शिकारीस काही उपयोग नव्हता. यावरून उपयुक्ततेबरोबरच जिव्हाळ्याचा अंशही या संबंधात आरंभापासून होता, असे म्हणण्यास आधार मिळतो. इझ्राएलमधील ऐन मल्लाहा येथील सु. १२,००० वर्षांपूर्वीच्या नातूफियन दफनात मृत व्यक्तीचा हात कुत्र्याच्या पिल्लावर ठेवलेला आढळला.

मांजराचा इतिहास शेतीपासून सुरू होतो. पश्चिम आशियात धान्य साठविण्यास सुरुवात झाली, तेव्हा कोठारांभोवती उंदीर वाढले व उंदरांमागोमाग रानमांजरे आली. त्यांना कोणी पकडून आणले नाही. वस्तीतील भक्ष्याच्या लोभाने जी रानमांजरे माणसाचे सान्निध्य सहन करू शकली, ती तेथे टिकली. २००७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आनुवंशिकीय अभ्यासाने सर्व पाळीव मांजरांचे मूळ आफ्रिका व पश्चिम आशियातील फेलिस लायबिका या रानमांजरात असल्याचे दाखवून दिले. सायप्रस बेटावरील शिलूरोकाम्बोस येथे सु. ९,५०० वर्षांपूर्वीच्या एका मानवी दफनाशेजारी मांजर पुरलेले आढळले. या बेटावर मांजरे मूळची नव्हती. अर्थात ते वा त्याचे पूर्वज होडीतून नेले गेले असले पाहिजेत. असे सान्निध्य अनेक ठिकाणी घडू शकत होते, हे चीनमधील च्वानहूत्सुन येथील सु. ५,३०० वर्षांपूर्वीच्या अवशेषांवरून दिसते. तेथील मांजरे आजच्या पाळीव मांजराची पूर्वज नसून वाघाटी या वेगळ्या जातीची होती. त्यांचा माणसाशी आलेला संबंध पुढे टिकला नाही.

देहधर्म व वर्तन : लांडगा हा कळपाने राहणारा प्राणी आहे. कळपातील क्रम ओळखणे, सोबत्यांच्या हालचालींवर लक्ष ठेवणे व एकत्र शिकार करणे या त्याच्या मूळच्या प्रवृत्ती कुत्र्यात टिकल्या. फक्त कळपाची जागा मानवी कुटुंबाने घेतली. त्यामुळे कुत्र्याला शिकविता येते आणि त्याच्याकडून राखण, शिकार, मेंढ्या वळणे, माग काढणे इ. कामे करवून घेता येतात. रानमांजर मात्र एकट्याने शिकार करते व आपले क्षेत्र राखते. म्हणून मांजराची ओढ माणसाइतकीच, किंबहुना कधीकधी अधिक, जागेशी असते. बिऱ्हाड बदलल्यावर मांजर जुन्या घरी परत जाते, हा अनेकांचा अनुभव कृतघ्नतेचा नव्हे, तर या क्षेत्रनिष्ठेचा द्योतक आहे.

आहारातही हाच भेद दिसतो. माणसाच्या उष्ट्याखरकट्यावर हजारो वर्षे जगल्यामुळे कुत्र्याच्या ठिकाणी पिष्टमय पदार्थ पचविण्याची क्षमता लांडग्यापेक्षा पुष्कळ वाढली असल्याचे २०१३ मधील संशोधनात आढळले. भाकरी-ताकावर कुत्रा बऱ्याच अंशी निभावतो. मांजर मात्र देहधर्माने पूर्णतः मांसाहारीच राहिले आहे. टॉरिन हे द्रव्य त्याला मांसाहारातूनच मिळवावे लागते. त्याच्या अभावी मांजराच्या डोळ्यांतील जालपटल बिघडते, हे १९७५ मध्ये सिद्ध झाले. मांजराला गोड चव कळत नाही, हेही आता ज्ञात आहे. केवळ दूधपोळीवर ठेवलेले मांजर चोरी करते वा शेजारी जाते, याचे कारण त्याच्या स्वभावात नसून अशा अपुऱ्या आहारात असते.

प्राचीन संस्कृती : ईजिप्तमध्ये दोन्ही प्राण्यांना मोठी प्रतिष्ठा लाभली. गीझा येथील एका शिलालेखात अबुतियू नावाच्या राखणदार कुत्र्याला राजाने शवपेटी, तलम वस्त्र व धूप देऊन थडग्यात पुरविल्याचा उल्लेख आहे. बास्तेत या देवतेशी मांजराचे साहचर्य होते व ब्युबास्टिस हे तिचे प्रमुख क्षेत्र होते. ग्रीक इतिहासकार हीरॉडोटस याच्या वृत्तांतानुसार, घरातील मांजर मेल्यास घरची माणसे भुवया काढीत आणि कुत्रा मेल्यास डोके व सर्व अंग मुंडित. यावरून कुत्र्याचे सुतक अधिक कडक होते, असे दिसते. तथापि ही पूज्यता नेहमीच प्राण्याच्या हिताची नव्हती. उत्तरकाळात देवतेला वाहण्यासाठी मांजरांची मुद्दाम पैदास करून ती लहान वयातच मारली जात व त्यांच्या ममी भाविकांना विकल्या जात. बेनी हसन येथे सापडलेल्या अशा सु. १,८०,००० ममी १८९० मध्ये लिव्हरपूल येथे नेऊन खत म्हणून विकण्यात आल्या.

निव्वळ लोभापोटी प्राणी पाळल्याचा प्राचीन पुरावा तांबड्या समुद्रावरील बेरेनीके बंदरात मिळतो. इ. स. पहिल्या-दुसऱ्या शतकांतील तेथील दफनभूमीत ५८५ प्राणी आढळले. त्यांतील नऊदशांशांहून अधिक मांजरे असून उरलेल्यांत मुख्यत्वे कुत्रे व माकडे आहेत. काही मांजरांच्या गळ्यात पट्टे वा मणी होते. वार्धक्यापर्यंत पोसलेले, दात गेलेले कुत्रेही तेथे पुरलेले आहेत. माकडे भारतीय जातीची आहेत, कारण हे बंदर भारताशी होणाऱ्या सागरी व्यापाराचे केंद्र होते.

भारत : सिंधमधील चन्हुदडो येथील उत्खननात (१९३५–३६) अर्नेस्ट मॅकाय यांना एका विटेवर मांजराच्या व कुत्र्याच्या पायांचे ठसे आढळले. वीट ओली असताना कुत्र्याने मांजराचा पाठलाग केला असावा, असा त्यांचा अर्थ लावला जातो. सिंधू संस्कृतीच्या वस्तीत हे दोन्ही प्राणी वावरत होते, याचे ते बोलके प्रमाण आहे. काश्मीरमधील बुर्झहोम येथील नवाश्मयुगीन दफनांत माणसांबरोबर कुत्रे पुरलेले आढळतात.

भारतीय वाङ्मयात कुत्र्याचे स्थान द्विधा आहे. ऋग्वेदात सरमा ही इंद्राची दूती असून यमाच्या दोन कुत्र्यांचाही निर्देश आहे. महाभारतात युधिष्ठिर सोबतच्या कुत्र्याला सोडून स्वर्गात जाण्याचे नाकारतो. उलटपक्षी धर्मशास्त्राने कुत्र्याचा स्पर्श अशुद्ध मानला. मात्र वैश्वदेवाच्या वेळी त्याच्यासाठी अन्नाचा भाग बाहेर ठेवावा, असेही सांगितले. त्याला खाऊ घालणे हे कर्तव्य, पण घरात घेणे निषिद्ध, अशी ही व्यवस्था होती. मांजराच्या वाट्याला प्रामुख्याने दांभिकतेचे रूपक आले. पंचतंत्रातील तपस्वी मांजर व महाबलीपुर येथील शिल्पपटातील तप करणारे मांजर ही त्याची प्रसिद्ध उदाहरणे होत. षष्ठी देवीचे वाहन म्हणून मात्र ते अपत्यरक्षणाशी निगडित झाले.

महाराष्ट्रात खंडोबा व दत्त या दैवतांसोबत कुत्रा असतो, तर खंडोबाचे वाघ्ये स्वतःस देवाचे कुत्रे म्हणवितात. धनगरांच्या कळपांचे राखणदार कुत्रे व दख्खनमधील शिकारी कुत्रे प्रसिद्ध आहेत. त्यांपैकी मुधोळ येथील जातीस तेथील संस्थानिक घोरपडे घराण्याचा आश्रय लाभला. रायगडावरील वाघ्या कुत्र्याचे स्मारक विसाव्या शतकातील असून त्यामागील कथेला समकालीन साधनांत आधार मिळत नाही. जुन्या घरव्यवस्थेत कुत्रा ओट्यावर वा अंगणात व मांजर चुलीपाशी, अशी जागांची वाटणी होती. मांजर उंदरांपासून धान्याचे रक्षण करी. कुत्र्याच्या शिळ्या भाकरीमागे राखणीची अपेक्षा असे. दोघांपैकी कोणासही आजच्या अर्थाने हौसेने पाळलेला प्राणी म्हणता येणार नाही.

धर्म, रोग व नागरी शासन : मध्ययुगीन यूरोपात मांजराविषयीची भीती वाढली. पोप नववे ग्रेगरी यांच्या १२३३ च्या आज्ञापत्रात पाखंडी विधींच्या वर्णनात काळे मांजर येते. इस्लामी परंपरेत मांजर शुद्ध व कुत्र्याची लाळ अशुद्ध मानली गेली. परंतु शिकारी कुत्र्यास तेथेही अनुज्ञा आहे. पारशी धर्मात कुत्र्याला अंत्यविधीत स्थान आहे. मुंबईत बेवारशी कुत्री मारणाऱ्यास दर कुत्र्यामागे बक्षीस देण्याचे धोरण ब्रिटिश शासनाने राबविले, तेव्हा ६ जून १८३२ रोजी पारशी समाजात उद्रेक झाला व दुसऱ्या दिवशी शहराचे व्यवहार बंद पडले. रस्त्यावरील कुत्र्याचा प्रश्न हा केवळ आरोग्याचा नसून श्रद्धेचा व नागरी अधिकारांचाही असतो, हे त्या वेळीच दिसून आले. पुढे १८७४ मध्ये मुंबईत प्राणिक्लेश प्रतिबंधक संस्था स्थापन झाली व परळ येथे पेटिट घराण्याच्या देणगीतून प्राण्यांचे रुग्णालय उभे राहिले.

१८९६ पासून पसरलेल्या प्लेगच्या साथीत मांजराला अनपेक्षित महत्त्व आले. अमरावतीचे सिव्हिल सर्जन लेफ्टनंट कर्नल अँड्र्यू ब्यूकॅनन यांनी, ज्या घरांत मांजरे आहेत तेथे प्लेग कमी आढळतो, असे प्रतिपादन १९०८ च्या सुमारास केले व मांजरे पाळण्याचा पुरस्कार केला. तथापि मांजरालाही प्लेग होऊ शकतो, हे आता ज्ञात असल्याने त्या उपायाची मर्यादा स्पष्ट झाली आहे. टॉक्सोप्लाझ्मा या परजीवीचे अंतिम आश्रयस्थान मांजर आहे, हे १९७० च्या सुमारास सिद्ध झाले. म्हणून गर्भवती स्त्रियांनी मांजराची विष्ठा हाताळू नये, असा सल्ला देतात.

कुत्र्याच्या बाबतीत सर्वांत गंभीर प्रश्न अलर्क रोगाचा होय. मांजरालाही हा रोग होतो, परंतु माणसाला होणारी लागण जवळजवळ सर्वस्वी कुत्र्यांमार्फत होते. लूई पाश्चर यांनी १८८५ मध्ये प्रथम माणसाला प्रतिबंधक लस टोचली. भारतात कसौली येथे १९०० मध्ये व कुन्नूर येथे १९०७ मध्ये पाश्चर संस्था निघाल्या. लस उपलब्ध असूनही या रोगाने होणाऱ्या जगातील मृत्यूंपैकी सु. एक तृतीयांश मृत्यू भारतात होतात, असा जागतिक आरोग्य संघटनेचा अंदाज आहे. त्यांत मुलांचे प्रमाण मोठे आहे. कुत्री मारण्याऐवजी निर्बीजीकरण व लसीकरण करण्याचे धोरण केंद्र शासनाने २००१ च्या व पुढे २०२३ च्या नियमांनी स्वीकारले. व्यापक लसीकरणानंतर २०२१ मध्ये गोवा अलर्कनियंत्रित क्षेत्र म्हणून जाहीर झाले. सातत्य राखल्यास हा रोग आटोक्यात येतो, याचे हे उदाहरण होय.

आधुनिक काळ : एकोणिसाव्या शतकात यूरोपातील शहरी मध्यमवर्गात प्राणी केवळ सोबतीसाठी पाळण्याची प्रथा रूढ झाली. कुत्र्यांचे पहिले प्रदर्शन न्यूकॅसल येथे १८५९ मध्ये, तर मांजरांचे पहिले मोठे प्रदर्शन लंडनमधील क्रिस्टल पॅलेस येथे १८७१ मध्ये भरले. कुत्र्यांच्या वंशावळी ठेवणारा केनेल क्लब १८७३ मध्ये निघाला. कुत्र्यांची निवडपद्धतीने पैदास पूर्वीपासून कामासाठी होत होती. आता ती रूपासाठी होऊ लागल्याने आखूड नाकाच्या जातींत श्वसनाचे व इतर आनुवंशिक विकार वाढले. मांजरांच्या बहुतेक जाती मात्र गेल्या सु. दीडशे वर्षांतीलच आहेत. मलमूत्रासाठी शोषक मातीचे कण वापरण्याची पद्धत अमेरिकेत १९४७ मध्ये निघाली, तेव्हापासून मांजर बंद घरात कायम ठेवणे सोयीचे झाले. भारतीय शहरांतील सदनिकांतही हा बदल आढळतो. कुत्र्याला रोजचा फेरफटका, शिक्षण व सहवास लागतो. मांजराला तुलनेने कमी वेळ द्यावा लागला, तरी शिकारीची हौस भागविणारा खेळ व चढण्या-लपण्यास जागा लागते.

या दोहोंत श्रेष्ठ कोणता, हा प्रश्न इतिहासदृष्ट्या गैरलागू ठरतो. कुत्रा माणसांच्या समूहात आला व मांजर त्याच्या वस्तीत आले. एकाने काम पत्करले, दुसऱ्याने केवळ शेजार पत्करला. शिकार संपली, राखण यंत्रांकडे गेली व धान्याची कोठारे घरातून नाहीशी झाली, तरी हे प्राणी माणसाजवळ राहिले आहेत. त्यांचे मूळ प्रयोजन माणसानेच संपविले असल्याने त्यांचे पालनपोषण, आरोग्य व संख्यानियंत्रण यांची जबाबदारीही माणसावरच येते. घरातल्या प्राण्याचे लाड आणि रस्त्यावरच्या प्राण्याची उपेक्षा यांतील अंतर हे या दोन जातींच्या इतिहासातील आजचे मुख्य वैगुण्य होय.