सरोवरांची वाट सीमेपर्यंत

मिलानच्या वायव्येला लाइनाते नावाचं गाव आहे. तिथे महामार्गाला दोन फाटे फुटतात. एक वारेझेकडे जातो, दुसरा कोमोवरून स्वित्झर्लंडच्या सीमेवरच्या कियासोला. सीमा ओलांडली की लुगानो, मग गॉटहार्डचा जवळजवळ 17 किलोमीटरचा बोगदा. इटलीतून उत्तरेला निघालेल्या ट्रकांची ही नेहमीची वाट. पण ती आखली गेली तेव्हा ट्रक कुणाच्या डोक्यातही नव्हते. मिलानच्या पैसेवाल्यांना रविवारी सरोवरांकाठी हवापालटाला जायचं होतं, म्हणून तिचं नावही ‘सरोवरांचा महामार्ग’.

26 मार्च 1923 रोजी लाइनातेला पहिली कुदळ मारली मुसोलिनीने. त्यामुळे श्रेयही त्याच्या पदरात पडलं. कल्पना मात्र पिएरो पुरिचेल्ली या मिलानच्या इंजिनियर-कंत्राटदाराची. मुसोलिनी सत्तेवर येण्याआधीच तो ती घेऊन फिरत होता. खडीच्या रस्त्यावर मोटार धावली की धुरळा उडे, बैलगाड्या-घोडागाड्यांच्या लोखंडी धावांनी रस्ता उखडे, आणि वेग म्हणावा तर पुढच्या छकड्याचा. रस्ते रुंद करून हे भागणार नाही, मोटारींचा सवतासुभाच मांडला पाहिजे, असं पुरिचेल्लीचं म्हणणं. म्हणजे चालणारा नाही, सायकल नाही, जनावर नाही. आडवे येणारे रस्ते पुलावरून किंवा पुलाखालून. आणि वापराचे पैसे वापरणाऱ्याकडून. इटलीत मोटारी होत्याच किती? लोकांना हे वेड वाटलं असेल तर नवल नाही.

अमेरिकेहून आणलेल्या यंत्रांनी काँक्रीट ओतलं गेलं. दीड वर्षात मिलान-वारेझे टप्पा तयार झाला. 21 सप्टेंबर 1924 रोजी राजा व्हिक्टर इमॅन्युएल लान्चिया मोटारीतून त्यावरून गेला. कोमोचा फाटा पुढच्या वर्षी खुला झाला.

आजच्या मापाने तो महामार्ग म्हणवणारही नाही: जायला एक मार्गिका, यायला एक, मध्ये दुभाजक नाही. मध्यरात्रीनंतर एकला रस्ता बंद, सकाळी सहाला पुन्हा सुरू. नाक्यावरचा गणवेशातला माणूस येणाऱ्या मोटारीला लष्करी सलाम ठोकायचा! आपल्या टोलनाक्यांवर असा सलाम सामान्य मोटारवाल्याच्या वाट्याला आल्याचं ऐकिवात नाही.

हा ‘जगातला पहिला महामार्ग’ म्हटला जातो, पण या मानावर इतरांचाही दावा आहे. न्यूयॉर्कजवळच्या लाँग आयलंडवर 1908 मध्येच मोटारींसाठी खास रस्ता झाला होता. पण तो व्हँडरबिल्ट या धनाढ्य शर्यतशौकिनाचा खासगी खटाटोप. बर्लिनचा 1921 चा आवुस हा रस्ता दहाएक किलोमीटरचा, शर्यती आणि चाचण्यांसाठी बांधलेला. गावं जोडणारा, पैसे भरील त्याला खुला असलेला रस्ता म्हणून मान पुरिचेल्लीलाच द्यावा लागेल. महामार्गांचं श्रेय ज्याला सर्रास दिलं जातं त्या हिटलरला तर मुळीच नाही. जर्मनीतही कोलोन-बॉन रस्ता 1932 मध्ये, तो सत्तेवर येण्याआधीच झाला होता. मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावर दुचाकी, रिक्षा आणि बैलगाडीला बंदी आहे, तिचं मूळही या लाइनातेच्या फाट्यापाशी सापडतं.

टोलच्या पैशांतून खर्च निघेल हा पुरिचेल्लीचा हिशेब मात्र चुकला. वाहनं पुरेशी आलीच नाहीत, आणि 1933 मध्ये सरकारला रस्ता ताब्यात घ्यावा लागला. पुढे सीमेपर्यंतचा तुकडा जोडला गेला, मार्गिका वाढल्या, रविवारच्या मोटारी ट्रकांच्या गर्दीत हरवल्या. 2024 मध्ये रस्त्याची शंभरी झाली. टोल अजून चालू आहे.