माणसं वाढली, मुली घटल्या: सातारा-सांगलीची गोष्ट

लोकसंख्यावाढीचे फायदे-तोटे हा निबंध तुम्हीही शाळेत लिहिला असेल. तोट्यांची दोन पानं आणि फायद्यांच्या दोन ओळी! पेशंटही हेच म्हणतात, "डॉक्टर, माणसं फार झाली." आपल्या सातारा-सांगलीपुरतं हे कसं घडलं, ते आज पाहू.

१९०१ च्या जनगणनेत सातारा जिल्ह्याची लोकसंख्या भरली ११ लाख ४६ हजार. आजच्या सांगली जिल्ह्याचा बराच भाग तेव्हा साताऱ्यातच होता. हा आकडा दहा वर्षांपूर्वीपेक्षा सुमारे ६ टक्क्यांनी कमी होता! दुष्काळ आणि गाठीचा प्लेग ही त्याची कारणं. घरात उंदीर मरून पडला की लोक घर सोडून रानात झोपड्या घालून राहायचे. पुढे १९१८ ला मानमोडी आली, म्हणजे इन्फ्लुएंझा. आठ बाळंतपणं झाली तरी त्यातली किती मुलं हाताशी लागतील याची खात्री नसायची. त्यामुळे पणजीला अडाणी ठरवू नका, तिचा हिशेब बरोबर होता.

मग देवीची लस घरोघरी पोहोचली, १९५३ पासून हिवतापाविरुद्ध डीडीटीची फवारणी सुरू झाली, पेनिसिलिन आलं. मृत्यू झपाट्याने कमी झाले, जन्म मात्र पूर्वीसारखेच होत राहिले. लोकसंख्या वाढली ती जास्त मुलं जन्मली म्हणून नाही, जन्मलेली जगली म्हणून. डॉक्टर म्हणून मला हा तोटा म्हणवत नाही.

या वाढलेल्या हातांनी मुंबईच्या गिरण्या चालवल्या, माथाडी म्हणून ओझी वाहिली, अपशिंग्यासारख्या गावांतून फौजेत गेले. खानापूर-आटपाडीकडचे गलाई व्यावसायिक सोनं-चांदी गाळायला देशभर पसरले. पण एवढी माणसं गाव सोडून का गेली? जमिनीचे तुकडे पडत गेले आणि माण, खटाव, जतच्या विहिरी सगळ्यांना पुरेनात. फायदा आणि तोटा एकाच घरात नांदत होते.

पुढे कुटुंबनियोजन आलं. आणीबाणीतल्या सक्तीच्या नसबंदीने त्याचं नाव खराब झालं, तरी लोकांनी छोटं कुटुंब स्वीकारलं. सातारा जिल्हा परिषदेने तर २००७ मध्ये नवविवाहितांना पहिलं मूल लांबवण्यासाठी बक्षीस ठेवलं: दोन वर्षं थांबलात तर ५,००० रुपये, तीन वर्षं थांबलात तर ७,५००. २००१ ते २०११ या काळात राज्याची लोकसंख्या सुमारे १६ टक्क्यांनी वाढली, सांगलीची फक्त ९ आणि साताऱ्याची ७ टक्क्यांनी. स्थलांतराचाही त्यात वाटा आहे. निबंधातला प्रश्न सुटला म्हणायचा?

आता दुसरे आकडे पाहा. शून्य ते सहा वयोगटात दर हजार मुलांमागे १९९१ मध्ये सांगलीत ९२४ मुली होत्या, २००१ मध्ये ८५१. साताऱ्यात ९४१ वरून ८७८. निसर्गतः जन्माच्या वेळी हजार मुलग्यांमागे साधारण ९५० मुली असतात. मग या गेल्या कुठे?

गणित साधं आहे. पाच मुलं होत तेव्हा सगळ्या मुलीच होणं शंभरात तीनेक घरांतच घडायचं. दोनच मुलं हवी म्हटलं की चारातल्या जवळपास एका घरात दोन्ही मुलीच होतात. कुटुंब छोटं झालं, पण "एक तरी मुलगा हवाच" हा हट्ट तेवढाच मोठा राहिला आणि त्याच्या मदतीला सोनोग्राफी आली. मुलगा की मुलगी हे वडिलांच्या शुक्रजंतूवर ठरतं, तरी बोल आईलाच!

गर्भलिंगनिदानाविरुद्ध देशात पहिला कायदा महाराष्ट्राने १९८८ मध्ये केला, केंद्राचा १९९४ चा. कागदावरच्या कायद्याला दात आणले ते साताऱ्याच्या अ‍ॅड. वर्षा देशपांडे यांच्यासारख्यांनी. गरोदर बायकांना सोबत घेऊन त्यांनी डॉक्टरांना सापळ्यात पकडून दिलं. हो, माझ्याच व्यवसायातल्या लोकांना. २०२५ चा संयुक्त राष्ट्रांचा लोकसंख्या पुरस्कार त्यांना मिळाला. २०११ मध्ये साताऱ्यात 'नकुशा' नावाच्या २८५ मुलींना समारंभाने नवी नावं दिली गेली. आणि तरीही मार्च २०१७ मध्ये मिरज तालुक्यातल्या म्हैसाळला ओढ्याकाठी पुरलेले १९ भ्रूण सापडले.

२००१ च्या जनगणनेत जी मुलं सहा वर्षांच्या आतली होती, ती आता लग्नाच्या वयाची आहेत. तुमच्या गावातल्या एखाद्या वधू-वर मेळाव्याला जाऊन या. बायोडाटा हातात घेऊन बसलेल्यांत मुलांचे वडील किती आणि मुलींचे किती, ते मोजा.