चोखोबाची समाधी आणि दाराची किल्ली

पंढरपुरात नामदेव पायरीसमोर चोखोबांची समाधी आहे. माझी आजी वारीला गेली की तिथेच डोके टेकून परतत असे. 1947 नंतर दार उघडले होते, तरी ती आत गेली नाही. 'आपला देव इथवरच,' म्हणायची. कुलूप निघाले, पण उंबरठा तिच्या मनातच राहिला.

चोखोबांच्या अभंगांत विठ्ठलाकडे गाऱ्हाणे आहे : बडवे मारतात, धावून ये. ही मोक्षाची याचना नव्हे; देव आणि भक्त यांच्यामध्ये उभ्या असलेल्या माणसांच्या सत्तेतून सोडव, ही मागणी आहे. त्यांचा मुलगा कर्ममेळा तर देवालाच जाब विचारतो. 1338 मध्ये मंगळवेढ्याच्या गावकुसाच्या कामावर असताना ते कोसळून चोखोबा गेले. देव धावला नाही.

सहा शतकांनी, 2 मार्च 1930 रोजी, नाशिकला काळाराम मंदिरासमोर सत्याग्रह सुरू झाला. आता गाऱ्हाणे देवाकडे नव्हते, दार अडवणाऱ्यांकडे होते. आपल्या लोकांनी मूर्तिपूजक व्हावे म्हणून नव्हे, तर त्यांना आपल्या स्थितीची जाणीव व्हावी म्हणून हा लढा होता, हे बाबासाहेबांनी 1934 मध्ये दादासाहेब गायकवाडांना पत्रातून स्पष्ट केले. रमाईंनी पंढरीला जायची इच्छा धरली तेव्हाही, भक्तांना दूर ठेवणाऱ्या पंढरीपेक्षा आपण दुसरी पंढरी उभारू, असे ते म्हणाल्याचे सांगतात. 1935 ची येवल्याची घोषणा आणि 1956 ची नागपूरची दीक्षा यांची वाट इथूनच जाते. तरीही 1948 च्या आपल्या ग्रंथाच्या अर्पणपत्रिकेत त्यांनी नंदनार व रविदासांसोबत चोखामेळ्याचे नाव घातले. म्हणून चोखोबांना लाचार म्हणून मोडीत काढणाऱ्या मित्रांशी मी सहमत नाही. मारणाऱ्याचे नाव घेणारी प्रार्थना लाचार नसते.

बडव्यांचे वंशपरंपरागत हक्क संपवणारा कायदा 1973 चा. सर्वोच्च न्यायालयाचा शेवटचा निकाल 2014 चा. तोवर आपण त्या दारापासून फार दूर निघून आलो होतो.

पण प्रश्न मिटला का? ज्या बोधगयेला बुद्धाला बोधी लाभली, तिथल्या महाविहाराच्या समितीत 1949 च्या कायद्याने चार बौद्ध, चार हिंदू आणि वर जिल्हाधिकारी बसवला. धर्म आपला, किल्ली दुसऱ्याची! चोखोबांनी ही किल्ली देवाकडे मागितली होती. आपण ती कायद्याकडे, संघटनेकडे आणि स्वतःकडे मागितली पाहिजे. आजीच्या मनातला उंबरठाही त्याशिवाय झिजणार नाही.