गिळण्याकडे लक्ष गेले की घास अडतो : कारणे, तपासणी आणि उपचार

जेवताना घास नेमका कधी घशाखाली उतरला, याची जाणीव निरोगी माणसाला सहसा होत नाही. मात्र एखाद्या प्रसंगानंतर या क्रियेकडे सतत लक्ष जाऊ लागले, तर तीच क्रिया अवघड वाटू लागते. घास तोंडात घोळत राहतो, प्रत्येक घासामागे पाण्याचा घोट लागतो आणि काही जण तर घन पदार्थ खाणेच सोडून देतात. घशात कोणताही दोष नसताना होणारा हा त्रास काल्पनिक नसतो आणि उपचारांनी तो कमी होऊ शकतो. परंतु घशात खरोखरच दोष नाही ना, याची खात्री आधी करून घेणे आवश्यक असते.

अर्धी क्रिया इच्छेची, अर्धी प्रतिक्षिप्त

गिळण्याचे तीन टप्पे मानले जातात. पहिला टप्पा तोंडात घडतो. चावून मऊ झालेला घास जीभ टाळूवर दाबून मागे सारते. हे काम माणसाच्या इच्छेनुसार होते.

घास घशाच्या मागील भागात पोहोचताच दुसरा टप्पा सुरू होतो. मऊ टाळू वर उचलला जाऊन नाकाकडील मार्ग बंद होतो, स्वरयंत्र वर सरकते, स्वरतंतू मिटतात, एपिग्लॉटिस ही कूर्चेची झडप श्वासमार्गावर झुकते, श्वास क्षणभर थांबतो आणि अन्ननलिकेचे वरचे द्वार उघडते. हे सारे सुमारे एका सेकंदात पार पडते. तिसऱ्या टप्प्यात अन्ननलिकेच्या लाटेसारख्या आकुंचनाने घास काही सेकंदांत जठरापर्यंत पोहोचतो.

या शेवटच्या दोन टप्प्यांचे नियंत्रण मेंदूच्या तळाशी असलेल्या मस्तिष्कपुच्छाकडे असते. स्नायूंच्या २५ हून अधिक जोड्या ठराविक क्रमाने काम करतात. तो क्रम माणसाला इच्छेने बदलता येत नाही आणि बदलण्याची गरजही नसते. दिवसभरात तयार होणारी अर्धा ते दीड लिटर लाळ शेकडो वेळा नकळत गिळली जाते. झोपेतही हे काम अधूनमधून सुरूच असते.

लक्ष दिल्याने क्रिया का बिघडते?

सवयीने सुरळीत झालेल्या हालचालीवर जाणीवपूर्वक लक्ष ठेवले की ती अडखळते, असे निरीक्षण मानसशास्त्रज्ञ जॉर्ज हम्फ्री यांनी १९२३ साली नोंदवले होते. आपले पाय कोणत्या क्रमाने पडतात याचा विचार करू लागलेल्या आणि त्यामुळे चालणेच थांबलेल्या गोमेचे उदाहरण यासंदर्भात दिले जाते. दडपणाखाली असलेली माणसे स्वतःच्या हालचालींकडे अधिक लक्ष देतात आणि त्यामुळे त्यांचे कौशल्य ढासळते, असे अमेरिकेतील मानसशास्त्रज्ञ रॉय बाउमाइस्टर यांनी १९८४ साली प्रयोगांद्वारे दाखवून दिले.

गिळण्याच्या बाबतीत यात आणखी काही शारीरिक कारणांची भर पडते. आपल्याला गिळता येते की नाही हे पाहण्यासाठी अशा व्यक्ती वारंवार कोरडा आवंढा गिळतात. दोन-तीन वेळा असे केल्यावर तोंडातील लाळ संपते आणि पुढचा आवंढा गिळणे कोणालाही कठीण जाते. जपानमध्ये २००० साली प्रसिद्ध झालेल्या एका साध्या चाचणीत ३० सेकंदांत ३ वेळा लाळ गिळता येणे पुरेसे मानले गेले आहे. ही मर्यादा ठाऊक नसलेल्या व्यक्तीला चौथ्या-पाचव्या वेळचा अडथळा म्हणजे आजाराचा पुरावाच वाटतो.

एकामागोमाग वेगाने गिळल्यास अन्ननलिकेची लाटही थांबून राहते आणि शेवटच्या वेळेनंतरच ती पूर्ण होते. भीतीमुळे तोंडाला कोरड पडते आणि मानेचे स्नायू ताठरतात. परिणामी अडथळ्याची भावना वाढते, तिच्यामुळे भीती वाढते आणि हे चक्र सुरू राहते.

आवंढा आणि गिळण्याची भीती

भावना दाटून आल्यावर घशात गोळा आल्यासारखे वाटते, त्याला मराठीत आवंढा म्हणतात. ही भावना वारंवार किंवा सतत जाणवू लागली तर वैद्यकशास्त्रात तिला ग्लोबस म्हणतात. ती प्रामुख्याने दोन जेवणांच्या मधल्या वेळेत जाणवते आणि खाताना बहुधा कमी होते. पूर्वी या त्रासाचा संबंध उन्मादाशी, म्हणजे हिस्टेरियाशी जोडला जात असे आणि त्यामुळे विशेषतः स्त्रियांच्या तक्रारींकडे दुर्लक्ष होत असे. अनेक रुग्णांमध्ये असा उन्माद आढळत नाही, हे लक्षात घेऊन मॅल्कमसन या कान-नाक-घसा तज्ज्ञांनी १९६८ साली ते जुने नाव बदलून ग्लोबस फॅरिंजिस हे नाव सुचवले.

गिळण्याची भीती, म्हणजे फॅगोफोबिया, याहून वेगळी असते. जेवताना जोराचा ठसका लागणे, गोळी घशात अडकणे किंवा दुसऱ्या कोणाचा श्वास कोंडलेला पाहणे यानंतर ती सुरू होऊ शकते. मुलांमध्येही ती आढळते. अशी व्यक्ती आधी मांस, पोळी, सुका भात यांसारखे पदार्थ टाळते, नंतर केवळ पातळ आहारावर राहते. पंगतीत किंवा कार्यालयात इतरांसमवेत जेवणे बंद होते. वजन घटते आणि पोषणाची कमतरता निर्माण होते. अमेरिकन सायकिअॅट्रिक असोसिएशनच्या २०१३ सालच्या वर्गीकरणात अन्न टाळण्याच्या विकाराची स्वतंत्र नोंद झाली. घुसमटण्याची भीती हे त्या विकाराचे एक मान्य कारण आहे.

श्वासनलिका अन्ननलिकेच्या पुढे, स्वतंत्र असते. त्यामुळे आवंढ्याच्या भावनेने श्वास बंद पडत नाही. खरोखर श्वास कोंडलेल्या व्यक्तीला बोलता किंवा जोराने खोकता येत नाही. अशा वेळी मात्र तातडीची मदत लागते.

आधी तपासणी

हा त्रास मानसिक आहे, असा निष्कर्ष घरच्या घरी काढणे धोक्याचे असते. घन पदार्थ अडकणे दिवसेंदिवस वाढणे, गिळताना वेदना होणे, वजन घटणे, आवाज बसलेलाच राहणे, मानेत गाठ येणे, उलटीतून रक्त पडणे, पाणी पिताना वारंवार ठसका लागणे किंवा ते नाकातून बाहेर येणे, यांपैकी कोणतेही लक्षण असल्यास विलंब न करता डॉक्टरांना दाखवावे. अचानक गिळता न येण्यासोबत बोलणे अडखळणे किंवा हातापायातील शक्ती जाणे ही पक्षाघाताची लक्षणे असू शकतात.

भारतात तंबाखू, गुटखा आणि सुपारी यांच्या सेवनामुळे तोंडाच्या व घशाच्या कर्करोगाचा धोका मोठा आहे. सुपारीमुळे तोंड पुरेसे उघडेनासेही होते. दीर्घकाळ लोहाची कमतरता असलेल्या काही व्यक्तींच्या, विशेषतः स्त्रियांच्या, अन्ननलिकेत पातळ पडदा तयार होऊन घास अडतो. आम्लपित्तामुळेही घशात गोळा जाणवू शकतो.

निदानासाठी घशाची दुर्बिणीतून तपासणी, एंडोस्कोपी, बेरियम पाजून काढलेली क्ष-किरण चित्रे आणि गरजेनुसार अन्ननलिकेतील दाबाचे मोजमाप केले जाते. तपासण्या निर्दोष आल्यानंतर केवळ शंकेपोटी त्याच पुन्हा करत राहिल्यास मात्र भीती कमी होण्याऐवजी वाढू शकते.

उपचार कसे होतात?

घसा कसा काम करतो हे रुग्णाला नीट समजावून सांगणे, ही उपचारांची पहिली पायरी असते. त्यानंतर बोधात्मक वर्तनोपचारात तो टाळत असलेल्या पदार्थांची यादी सोप्यापासून कठीणापर्यंत केली जाते. ताक किंवा पेज, मग खिचडी, दही-भात, इडली आणि अखेरीस पोळी किंवा भाकरी, असा क्रम ठेवता येतो. एका पायरीवर भीती ओसरली की पुढची पायरी घेतली जाते. कोरडा आवंढा गिळून पाहणे, घास गरजेपेक्षा जास्त वेळ चावत राहणे आणि प्रत्येक घासामागे पाणी पिणे या सवयी हळूहळू सोडवल्या जातात. लक्ष घशावरून चवीकडे किंवा सोबतच्या संभाषणाकडे वळवण्याचा सराव केला जातो. वाचा-उपचारतज्ज्ञ गिळण्याचे मूल्यमापन आणि मार्गदर्शन करतात. चिंता तीव्र असल्यास मनोविकारतज्ज्ञ औषधे देतात.

अनेकांना जेवण सहज जाते, पण औषधाची गोळी गिळताना अडचण येते, कारण ती जाणीवपूर्वक, न चावता गिळावी लागते. जर्मनीतील हायडेलबर्ग येथे झालेल्या आणि २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात कॅप्सूल गिळताना मान मागे न टाकता हनुवटी छातीकडे झुकवल्यास बहुतेकांना सोपे गेल्याचे आढळले. कॅप्सूल हलकी असल्याने पाण्यावर तरंगते आणि मान झुकवल्यावर घशाच्या दिशेने जाते. डॉक्टरांना विचारल्याशिवाय गोळी कुटून किंवा कॅप्सूल उघडून घेऊ नये.

कुटुंबीयांनी अशा व्यक्तीला जेवताना टोकणे, बळजबरीने भरवणे किंवा तिच्या प्रत्येक घासाकडे पाहत राहणे टाळावे. त्यामुळे तिचे लक्ष पुन्हा घशाकडेच जाते. मानसिक आरोग्यविषयक प्राथमिक सल्ल्यासाठी केंद्र सरकारने ऑक्टोबर २०२२ मध्ये सुरू केलेल्या टेली-मानस सेवेचा १४४१६ हा निःशुल्क क्रमांक असून तेथे विविध भारतीय भाषांमध्ये समुपदेशन मिळते.